शकुंतलेची अंगठी आणि आमचं आधार कार्ड

टिटवाळ्याला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. कोणी सबमिशनच्या आधी, कोणी केटीचा रिझल्ट लागायच्या आधी, आणि फायनल इयरचे काही सीनियर तर (नावं सांगत नाही, पार्टी मिळालेली आहे) सरळ 'विवाहविनायक' म्हणून! कल्याणला कसारा लोकल पकडायची, शहाड, आंबिवली आणि तिसरं टिटवाळा. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा, दूर्वा-जास्वंदीचा हार, दर्शन, बाहेर आल्यावर वडापाव, आणि मिळेल त्या लोकलने परत. आपलं टिटवाळा एवढंच. तिथे रात्र काढायची वेळ सहसा कोणावर येत नाही. माझ्यावर आली, म्हणून हा लेख.

माझी मामेबहीण जालन्याची. वय 21, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय आणि सध्या घरी बसून भरतीच्या परीक्षा देते. ('घरी बसून' म्हटलेलं तिला अजिबात आवडत नाही. ती दिवसाला दहा तास अभ्यास करते. पण आमच्याकडे नोकरी लागेपर्यंत माणूस घरीच बसलेला असतो, त्याला इलाज नाही.) तर तिला एका ऑनलाइन भरती परीक्षेचं सेंटर लागलं टिटवाळ्याच्या पुढे. फॉर्म भरताना पहिली पसंती दिली होती छत्रपती संभाजीनगर. कॉम्प्युटरला तिचं अक्षर लागलं नसावं. पहिली शिफ्ट, रिपोर्टिंग सकाळी साडेसात. देवगिरी एक्सप्रेस पहाटे कल्याणला सोडते खरी, पण तिचं वेटिंग मारुतीच्या शेपटासारखं, आणि गाडी लेट झाली तर वर्षभराचा अभ्यास कसाऱ्याच्या घाटात उभा! म्हणून आदल्या दिवशी तपोवनने यायचं ठरलं. मामाचा फोन आला, "तू तिकडेच आहेस ना, तिला कल्याणला उतरवून घे आणि रात्रीची सोय बघ."

सोय बघ. किती साधे दोन शब्द आहेत हे!

पहिला प्रयत्न अर्थातच आपल्या लेडीज हॉस्टेलचा. वर्गातली एक मैत्रीण तिला रूमवर ठेवून घ्यायला तयार होती. नियम असा, की गेस्टसाठी दोन दिवस आधी अर्ज, आणि गेस्ट म्हणजे फक्त आई किंवा सख्खी बहीण. माझी मामेबहीण ही मैत्रिणीची कोणीच नाही. अर्जावर शेरा पडला, 'परीक्षा काळात परवानगी नाही.' परीक्षा आपली, हे बरोबर. पण तिचीही परीक्षाच होती की. असो. दुसरा पर्याय डोंबिवलीचे लांबचे काका. वन रूम किचन, बारावीची मुलगी, अंथरुणाला खिळलेली आजी. त्यांनी "या की" म्हटलं असतं, पण विचारायला जीभ रेटेना. शेवटी रूममेट म्हणाला, "टिटवाळ्यालाच कर ना. देवस्थान आहे, लॉज स्वस्त मिळतील, सेंटरही जवळ." पटलं. दुसऱ्या दिवशी संकष्टी आहे ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. इंजिनियर लोक!

तपोवन लेट. टिटवाळ्याला उतरलो तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते. स्टेशनपासून देवळाच्या रस्त्याला हीऽ गर्दी. पहाटेच्या दर्शनासाठी आदल्या रात्रीच मुक्कामाला येणारी माणसं, कडेवर झोपलेली पोरं, पिशव्या. पहिल्या लॉजच्या काउंटरवर झालेला संवाद जसा आठवतो तसा देतो.

"किती जण?"
"दोघं."
"मिसेस का?"
"नाही, बहीण आहे."
"आधार द्या दोघांची."

दिली. त्याने आधी माझं वाचलं, मग तिचं, मग परत माझं. आडनावं वेगळी, पत्ते वेगळे, जिल्हेसुद्धा वेगळे.

"सख्खी?"
"मामेबहीण."
त्याने कार्डं काउंटरवर ठेवली आणि मागे बसलेल्या दोघांकडे बघत म्हणाला, "मामाची मुलगी बहीण कधीपासून व्हायला लागली?"

ते दोघं हसले. माझे कान गरम झाले. ती माझ्या मागे सॅक पोटाशी धरून उभी होती, तिने ऐकलं की नाही हे बघायला वळायचीही माझी हिंमत झाली नाही. आता आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क असतो, लग्नात त्यावरून थट्टा चालते, हे मान्य. पण ही पोरगी बोलायला लागल्यापासून मला दादा म्हणते. दर वर्षी राखी बांधते आणि ओवाळणीचे पैसे मोजून घेते. ह्याला प्रूफ काय? आधारवर 'दादा' असं छापलेलं नसतं.

मग मी म्हटलं, ठीक आहे, दोन वेगळ्या रूम द्या. (खिशात तेवढे पैसे नव्हते. संकष्टीमुळे आठशेची रूम बाराशे झालेली होती. पण अब्रूचा प्रश्न होता.) तर म्हणाला, "सिंगल लेडीज देत नाही. सिंगल जेंट्सपण नाही." आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी होतीच: 'एकट्या व्यक्तीस रूम मिळणार नाही.'

सेकंड इयरला डिजिटल शिकलेल्यांसाठी ट्रुथ टेबल सांगतो. दोघं एकत्र, तर आउटपुट झीरो, कारण नवरा-बायको नाही. दोघं वेगळे, तर आउटपुट झीरो, कारण एकटे. इनपुट काहीही द्या, गेट उघडत नाही. असं सर्किट आपण जर्नलमध्ये काढलं तर सर म्हणतील, मग एवढे गेट टाकले कशाला, वायर सरळ ग्राउंड कर.

बाहेर येऊन एका हारवाल्याच्या फळीशेजारी उभे राहिलो. ती एवढंच म्हणाली, "दादा, आपण स्टेशनवर बसू या का?" आणि मला एकदम शकुंतला आठवली. टिटवाळ्याची गोष्ट माहीत असेलच. इथे कण्व मुनींचा आश्रम होता असं मानतात. दुष्यंताने गांधर्व विवाह केला, अंगठी दिली आणि गेला. पुढे ती हस्तिनापूरला गेली तर त्याने ओळखच दाखवली नाही, कारण अंगठी वाटेत पाण्यात पडून माशाच्या पोटात गेली होती. दुरावलेला पती परत मिळावा म्हणून कण्वांनी तिला गणपतीची उपासना करायला सांगितली, तोच हा गणपती, अशी श्रद्धा. म्हणून तर हा विवाहविनायक. कालिदासाच्या नाटकाच्या नावात जे 'अभिज्ञान' आहे, त्याचा अर्थच ओळखीची खूण. साध्या भाषेत, शकुंतलेकडे ओरिजिनल आयडी प्रूफ नव्हतं, म्हणून राजाच्या दारातून तिला परत पाठवलं! आमच्याकडे तर प्रूफ होतं, दोन-दोन. आधार होतं, शिवाय तिचं हॉल तिकीट होतं, त्यावर फोटो, सेंटरचा पत्ता, उद्याची तारीख, सगळं. ते कोणी मागितलंच नाही. मागितलं होतं लग्नाचं प्रूफ. ज्या गावाला लोक लग्न जमावं म्हणून येतात, तिथे मुक्काम करायचा तर लग्न आधीच झालेलं पाहिजे.

दुसऱ्या लॉजचा मॅनेजर भला माणूस निघाला. नाही म्हणाला, पण पाणी दिलं, तिला खुर्ची दिली आणि खरं कारण सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एक एकटा गिऱ्हाईक आला, दोन दिवसांचे पैसे ॲडव्हान्स दिले, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडेना. पुढे पंचनामा, जबाब, रूमला सील, कोर्टाच्या तारखा. "मालकानं मलाच पुढे केलं. माझी तरी काय चूक होती?" तेव्हापासून एकट्याला रूम नाही. आणि जोडप्यांचं काय, तर पिटाची भीती. पिटा म्हणजे 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. त्यात देऊळ, शाळा-कॉलेज, हॉस्टेल, हॉस्पिटल यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत वेश्याव्यवसाय चालला तर शिक्षा आहे, आणि जागा चालवणाऱ्यालाही आहे. जागा सील होऊ शकते. (हॉस्टेल त्या यादीत आहे हे वाचून मला उगीच अभिमान वाटला.) देवस्थानच्या गावात प्रत्येक लॉजवाला मनातल्या मनात टेप घेऊन देवळापासूनचं अंतर मोजत असणार. "साहेब, तुम्ही खरं सांगताय हे मला दिसतंय. पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानेच सांगितलं की गोवेली रस्त्याला जा, तिकडे एक मावशी आहेत, त्या बघतील. रिक्षावाल्याने रात्रीचे म्हणून दीडशे घेतले. जागा बघितली तर खाली खानावळ, वर चार खोल्या आणि एक हॉल. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचे टेम्पोवाले, माळशेजकडे जाणारे-येणारे, आणि संकष्टी-अंगारकीला देवळाजवळ जागा न मिळालेली माणसं इथे उतरतात. गल्ल्यावर साठीच्या मावशी, कपाळावर चष्मा. आधार बघितलं, मग हॉल तिकीट स्वतः मागून घेतलं आणि ते नीट वाचलं. "परीक्षा आहे होय. जेवली का गं?" जेवलो नव्हतो. मग म्हणाल्या, "तुझ्या वडलांना फोन लाव." मामाशी दोन मिनिटं बोलल्या. रजिस्टरमध्ये माझ्या हाताने सगळं लिहून घेतलं: नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचे कारण. हॉलमध्ये नाशिककडच्या दहा-बारा बाया दर्शनाला आलेल्या होत्या, त्यांच्यात तिची गादी टाकली, दीडशे रुपये. मला बाहेर गॅलरीत खाट, शंभर. वर पिठलं-भाकरी.

जागा कशी होती ते लिहिलं पाहिजे, नाहीतर सगळं गोड वाटेल. खाटेच्या पट्ट्या सैल, झोपलं की माणसाचा आकडा पाच होतो. उशीला खोबरेल तेलाचा वास. ट्यूबलाइट चालू-बंद, चालू-बंद, चोक गेलेला होता (मी बघून सांगितलं, मावशी म्हणाल्या, "इंजिनियर आहेस ना, बदल मग." चोक नव्हता). बाथरूमच्या दाराला कडी नाही, आत बादली सरकवून ठेवायची. गरम पाण्याची बादली तीस रुपये, आणि ती पहाटे चार ते पाच एवढ्याच वेळात. भिंतीवर नियम: खोलीत स्वयंपाक करू नये, भिंतीवर थुंकू नये, मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकावर नाही. डास तर असे, की आपल्या सी विंगचे डास त्यांच्यापुढे फर्स्ट इयरचे वाटावेत. खाली रात्रभर टेम्पो. आणि तरीसुद्धा त्या खाटेवर पडल्यावर मला जे हायसं वाटलं, तसं एम-थ्री सुटल्यावरही वाटलं नव्हतं.

पहाटे साडेचारला तिला उठवायला गेलो तर ती अंघोळ करून, वेणी घालून फॉर्म्युल्यांचा कागद वाचत बसलेली. नाशिकच्या एका आजींनी तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. सेंटरला जाताना रिक्षात मी म्हटलं, मावशी देवमाणूस. तर ही म्हणाली, "हो. पण दादा, तुझ्या वडलांना फोन नाही लावला त्यांनी."

मी गप्प बसलो. ती पुढे म्हणाली, "मी 21 वर्षांची आहे. मत देते. उद्या पास झाले तर हायव्होल्टेजवर काम करायची परवानगी मिळेल. रात्री झोपायची परवानगी मात्र पप्पांची." रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. आणि मला पटलं, की मी रात्रभर ज्याला उपकार समजत होतो त्यातसुद्धा एक काटा होता, आणि तो मला टोचलाच नव्हता.

हॉस्टेलला परत आल्यावर मी लायब्ररीत थोडी शोधाशोध केली. (लायब्ररीयन सरांना वाटलं सेमिनारसाठी.) 1867 साली इंग्रजांनी सराई कायदा केला होता. सराई चालवणाऱ्याने नोंदणी करावी, खोल्या आणि गटारं साफ ठेवावीत, राखणदार ठेवावा, दरांचं पत्रक लावावं, संसर्गजन्य रोगाने कोणी आजारी पडलं तर पोलिसांना कळवावं, अशी त्याची कर्तव्यं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीप्रमाणे टिटवाळ्यात त्या रात्री रेट चौपट-दुप्पट करणारे पहिले नापास झाले असते.

आणि लग्नाचं म्हणाल तर, लग्न न झालेल्या सज्ञान माणसांनी एका खोलीत राहू नये असा कोणताही कायदा नाही, हे मद्रास हायकोर्टाने डिसेंबर 2019 मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे ऑगस्ट 2015 मध्ये मढ आणि अक्सा परिसरातल्या लॉजवर पोलिसांनी धाडी घातल्या, जोडप्यांना उचलून चौकीत नेलं, दंड केला, आणि त्यावर इतका गदारोळ झाला की चौकशी लागली. म्हणजे कायदा नाही, पण भीती आहे, आणि काउंटरवर बसलेला माणूस कायद्याला नाही, भीतीला भितो. त्या दुसऱ्या मॅनेजरला मी दोष देऊ शकत नाही. पहिल्याला मात्र देतो. नाही म्हणण्याचा त्याला काहीतरी बहाणा होता, हसण्याचा नव्हता.

पण ज्याची मला खरोखर माहिती नव्हती, ते राज्यघटनेत सापडलं. कलम 15, पोटकलम दोन. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा इथे जाण्यापासून अडवता येणार नाही. त्यात हॉटेल हा शब्द नाव घेऊन आहे! 'सिंगल लेडीज देत नाही' हे वाक्य त्या कलमाशेजारी ठेवून वाचा. ('सिंगल जेंट्सपण नाही' असं म्हणून तो पहिला वकिलासारखा निसटू पाहील, पण आमच्या बाबतीत त्याने पहिला शब्द लेडीज हाच काढला होता.)

हे कलम घटनेत का आलं असेल, ह्याचा विचार करताना बडोद्याची आठवण होते. 1917 साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत पारशी नाव सांगून त्यांना राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठात शिकलेला माणूस कामाठी बागेत बसून रडला. आमची एका रात्रीची फरफट त्याच्यापुढे काहीच नाही, तुलना करायची माझी लायकी नाही आणि इच्छाही नाही. पण काउंटरवर माझं आडनाव वाचून ज्या नजरेने तो माणूस वर बघायचा, ती नजर नवी नाही एवढं कळलं. त्याच बाबासाहेबांना गाडगेबाबांनी 1949 साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पीपल्स एज्युकेशन सोसायटीसाठी दिली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला. ज्यांना वारीत कोणी दारात उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी बांधलेली जागा, ती पोरांचं हॉस्टेल झाली. हॉस्टेल आणि धर्मशाळा ही एकाच घरातली भावंडं आहेत, हे आपण मेसच्या भाजीवरून भांडताना विसरतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला टिटवाळ्याच्या लॉजवाल्यांना उपदेश करायचा नाही, ते हे मासिक वाचत नाहीत. मला आपल्याबद्दल बोलायचं आहे.

आपली कॉम्प्युटर लॅब स्वतः ऑनलाइन परीक्षांचं सेंटर आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी गेटवर रांग लागते, आपण कंटाळतो, कारण त्या दिवशी प्रॅक्टिकल रद्द होतं किंवा कँटीन भरलेलं असतं. (प्रॅक्टिकल रद्द झाल्याबद्दल कंटाळा हे खोटं आहे, कबूल.) गेल्या हिवाळ्यात अशाच एका परीक्षेच्या आदल्या रात्री मी आणि विंगमधले तिघं साडेअकराला टपरीवरून परत येत होतो. सिक्युरिटी केबिनशेजारी, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली एक माणूस चटई टाकून बसला होता. शेजारी त्याची मुलगी स्वेटर घालून, सॅकवर डोकं ठेवून झोपलेली. धुळे-नंदुरबारकडचा असावा, बोलण्यावरून वाटलं. त्याने विचारलं, "इथे जवळ राहायची काही सोय आहे का?" आम्ही म्हटलं, "नाही हो काका, इथे काही नाही." आणि आत गेलो. गेस्ट रूमच्या खालून.

ती गेस्ट रूम! वर्कशॉपच्या वर दोन खोल्या, चार पलंग, एसी, गिझर. एक्स्टर्नल सरांसाठी उघडते, आणि कमिटी येणार असली की पडदे बदलतात. वर्षातल्या बाकीच्या दिवशी कुलूप. मी त्या काकांना 'काही नाही' म्हणालो ते खोटं नव्हतं, कारण मला ती जागा 'सोय' म्हणून कधी दिसलीच नव्हती. टिटवाळ्यात हारवाल्याच्या फळीशेजारी उभं राहिलो तेव्हा दिसली.

ह्यात सरकारची जबाबदारी नाही असं नाही. रेल्वे भरतीला अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना प्रवासासाठी स्लीपरचा पास मिळतो. चांगली गोष्ट आहे. पण पासने माणूस स्टेशनपर्यंत पोचतो. रात्री दहा ते सकाळी साडेसात हे साडेनऊ तास कोणाच्याच हिशोबात नाहीत. घरापासून शेकडो किलोमीटरवर सेंटर द्यायचं, सकाळची शिफ्ट द्यायची, आणि गेट बंद व्हायची वेळ मिनिटात सांगायची. जणू प्रत्येक उमेदवाराचा एक काका दादरला थ्री बीएचकेमध्ये राहतो.

मी हे सगळं आमच्या रेक्टर सरांना सांगितलं. सर मोकळे आहेत, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, "तुझं म्हणणं खरं आहे रे. पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

तेच वाक्य. टिटवाळ्यापासून लोकलने अडीच तासांवर, एम.टेक. झालेल्या माणसाच्या तोंडून, शब्दाला शब्द तेच. मला हसू आलं, मग वाईट वाटलं, कारण प्रश्न खोटा नाही. म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. परीक्षेला आलेला उमेदवार हा कोणीही ऐरागैरा नसतो. त्याच्याजवळ फोटो असलेलं हॉल तिकीट असतं, त्यावर आपल्याच कॉलेजचं नाव असतं, आणि सकाळी आपलेच लोक त्याचा अंगठा घेऊन त्याला आत सोडणार असतात. ज्याला सकाळी साडेसातला लॅबमधल्या चाळीस कॉम्प्युटरसमोर बसवायला आपली हरकत नाही, त्याला रात्री दहाला सेमिनार हॉलमध्ये सतरंजी द्यायला का असावी? मुलींसाठी लेडीज हॉस्टेलची कॉमन रूम. एक रजिस्टर, हॉल तिकीट बघून नोंद, रात्री एनएसएसचे दोन स्वयंसेवक जागे (आपण तसेही जागेच असतो), मेसचं कूपन विकत. आई-वडलांना फोन लावायचा की नाही, हे उमेदवाराला विचारून. नात्याची चौकशी नाही.

कोणी म्हणेल फुकटे घुसतील. घुसू देत एखाद-दोन. आपल्या मेसमध्ये डेस्कॉलर घुसतातच की, अजून मेस बुडालेली नाही. कोणी म्हणेल हॉल घाण होईल. टेकफेस्टनंतर आपण तो कसा ठेवतो हे हाऊसकीपिंगच्या मावशींना विचारा. खर्चाचं म्हणाल तर सेंटर दिल्याबद्दल कॉलेजला पैसे मिळतात, त्यातून पन्नास सतरंज्या आणि दोन पाण्याचे जार निघायला हरकत नसावी. अकाउंट्सवाल्या सरांनी हे वाचून माझ्याकडे रागाने बघू नये, मी फक्त शक्यता मांडतोय.

विंगमधल्या बावीस जणांच्या सह्या घेऊन मी अर्ज ऑफिसात दिला आहे. इनवर्ड नंबर मिळाला. उत्तर यायचं आहे. लेडीज हॉस्टेलचा अर्ज वेगळा द्यावा लागेल असं सांगितलं, तो तिकडच्या मुलींनी लिहायला घेतलाय, त्यात गेस्टच्या नियमातलं 'सख्खी' हे विशेषण काढावं अशीही मागणी टाकणार आहेत. बहिणीचा रिझल्ट अजून लागलेला नाही. पुढच्या परीक्षेचं सेंटर तिला नागपूर आलंय, नागपूरच्या कोणाची ओळख असेल तर मला रूमवर भेटा. आणि आपल्या लॅबवर पुढची परीक्षा आहे त्याच्या आदल्या रात्री मी साडेनऊपासून गेटवर असेन. आमच्या विंगमध्ये तीन गाद्या जास्तीच्या आहेत, मुलांसाठी. त्या द्यायला परवानगी लागते का हे मी अजून विचारलेलं नाही.